मनातली खतपत्रे

देहूच्या तुकोबांच्या घरात सावकारी होती. 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. थोरली बायको आणि मुलगा गेला, व्यापार बसला. उरली ती लोकांकडील येण्याची खतपत्रे. परंपरा सांगते की, धाकटे बंधू कान्होबा यांना निम्मा वाटा देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. बंधूंवर त्यांनी आपला निर्णय लादला नाही, हेही ध्यानात घ्यावे.

कागदाची खते आज थोड्यांकडे असतील. मनातली मात्र घरोघर आहेत. कोणी बांध कोरला, कोणी लग्नात मान दिला नाही, देणगीदारांच्या फलकावर कोणाचे नाव खाली गेले. या येण्याचे व्याज समोरचा भरत नाही. झोप आपलीच जाते. बांधाचा वाद असेल तर रीतसर मोजणी मागावी, हद्द कायम करून घ्यावी. हक्क सोडू नये. पण हद्दीचे दगड शेतात रोवल्यावर मनातले उपटून टाकावेत.

जुना चुना खरवडल्याशिवाय भिंतीवर नवा गिलावा धरत नाही, हे जीर्णोद्धारात सर्वांनी पाहिलेच आहे. तेव्हा पायरीशी चपला काढताना एखादे जुने खतही तेथेच ठेवावे, आणि परतताना फक्त चपला घालाव्यात.

रामकृष्णहरी.