तेरा वर्षांच्या मुलाची गरज कुणाला आहे?

(पुसद येथे तरुण मुला-मुलींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मौलाना नाही. त्यामुळे आज मसला सांगणार नाही, एक प्रश्न मांडणार आहे. आपल्या घरात मुलाचं कुरआन पूर्ण झालं की दावत होते. पहिला रोजा ठेवला की हार घालून फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या आयुष्यात काय बदलतं? बहुतेक घरांत काहीच नाही. मुलीच्या बाबतीत बदलतं, पण उलटं. ती मोठी झाली की सायकल बंद, वाचनालय बंद, कधीकधी शाळाही बंद. मुलगा मोठा झाला म्हणजे मोकळीक, मुलगी मोठी झाली म्हणजे बंधन. जबाबदारी मात्र दोघांनाही कुणी देत नाही.

या वयाचं काय करायचं, याबद्दल आपल्याच राज्यातल्या एका लहानशा मराठी समाजाकडे बघण्यासारखं आहे. हा समाज म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावं दिवेकर, पेणकर, किहीमकर. सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत बांधलेलं सिनेगॉग 'जुनी मशीद' म्हणून ओळखलं जायचं, आणि मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये सुरू झालेली इस्राएली शाळा आज माझगावला सर एली कदुरी हायस्कूल म्हणून चालते. तिथे शिकणारी बहुसंख्य मुलं आता मुस्लीम आहेत.

कुणी म्हणेल, पॅलेस्टाईनमध्ये जे चाललंय ते पाहून ज्यूंकडून काय शिकायचं? माझं उत्तर साधं आहे. एका सरकारच्या कृत्याचा जाब कोकणातल्या तेल्याच्या नातवाला विचारायचा नसतो. आपल्यालाही लोक असाच कुणाकुणाचा जाब विचारतात, तेव्हा आपल्याला कसं वाटतं, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

ज्यूंमध्ये मुलगा तेराव्या वर्षी 'बार मित्झ्वा' होतो. म्हणजे धर्माच्या आज्ञा पाळण्याची जबाबदारी आईबापांवरून उतरून त्याच्यावर येते. मुलगी बाराव्या वर्षी 'बात मित्झ्वा' होते. आपल्याकडे 'मुकल्लफ' शब्द आहे, त्याचा अर्थ जवळपास हाच. मुलगा सगळ्यांपुढे उभा राहून तोराचा एक भाग हिब्रूत वाचतो. तोराच्या गुंडाळीत स्वरांच्या खुणा नसतात. जेर-जबर नसलेलं अरबी वाचायचं म्हणा ना! त्यामुळे तयारीला महिनोन्‌महिने लागतात.

पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला परंपरेप्रमाणे दहा प्रौढ पुरुष लागतात. याला 'मिन्यान' म्हणतात. 1948 नंतर बहुसंख्य बेने इस्राएल हळूहळू इस्रायलला गेले. 2011 च्या जनगणनेत साऱ्या भारतात ज्यू पाच हजारांच्याही आत होते. अशा ठिकाणी नऊ माणसं जमली आहेत आणि दहावा म्हणून तेरा वर्षांचा मुलगा आत आला, तर प्रार्थना पूर्ण रीतीने होते. तो आला नाही, तर अडते. त्या मुलाला मोठेपणावर भाषण द्यावं लागत नाही. आपण मोजले जातो, हे त्याला कळतं.

मुलींना ही मोजणी सहज मिळाली नाही. न्यूयॉर्कमध्ये 18 मार्च 1922 रोजी ज्युडिथ कॅप्लन ही बारा वर्षांची मुलगी सभेपुढे वाचायला उभी राहिली. तिचे वडील रब्बी होते. तरीही तिला मूळ गुंडाळीपासून दूर उभं राहून छापील पुस्तकातून वाचावं लागलं. आज जगभर असंख्य मुली गुंडाळीतूनच वाचतात, आणि सनातनी ज्यूंमध्ये यावर अजून वाद आहे. सुरुवात मात्र एका बापाने आपल्या मुलीला पुढे करून केली.

मग आपण काय करू शकतो? दावत बंद करा असं मी म्हणत नाही. दावतीच्या आधीचं एक वर्ष कामाला लावा.

पहिलं, अर्थ. मुलाने किंवा मुलीने एक लहान सूरह निवडावी. किरअत नीट करावी, मराठी किंवा उर्दू तर्जुमा वाचावा आणि दावतीच्या दिवशी पाच मिनिटं बोलावं: यात काय आहे, मला काय पटलं, मला कोणता प्रश्न पडला. घरात जी बोली असेल त्या बोलीत. बेने इस्राएलांनी हेच केलं. पुण्यात 1874 मध्ये छापलेल्या त्यांच्या हगादा या सणाच्या पुस्तकात हिब्रूसोबत मराठी अर्थ आहे आणि चित्रांतल्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. त्या सणाच्या रात्री घरातलं सगळ्यात लहान मूल प्रश्न विचारतं आणि मोठे उत्तर देतात. प्रश्न विचारणं हा तिथे विधीचाच भाग आहे.

दुसरं, काम. वर्षभराचं एकच काम, पण खरं. मोहल्ल्यातल्या निराधार योजनेच्या आजींचा हयातीचा दाखला वेळेवर जातो की नाही हे बघणं. रेशनच्या ई-केवायसीसाठी म्हाताऱ्यांना सोबत नेणं. मक्तबमधल्या दोन लहान मुलांना मराठी वाचायला शिकवणं. कसोटी एकच: आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडलं पाहिजे. आमच्या कामातही नवा मुलगा टीममध्ये खरा येतो तो वेलकम केक कापल्यावर नाही, त्याने लिहिलेल्या कोडवर दुसऱ्याचं काम चालू लागतं तेव्हा.

तिसरं, घराचा इतिहास. मोबाईलमध्ये रेकॉर्डर आहे. दादा-दादी, नाना-नानीला दहा प्रश्न विचारा. या कापसाच्या जिल्ह्यात आपल्यातले कितीतरी जण पिंजाऱ्यांची नातवंडं आहेत. कापूस पिंजायची धनुकली कशी धरायची, हे सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.

चौथं, हिशेब. ज्यूंचा 'त्सेदाका' आणि आपला 'सदका' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. दावतीच्या खर्चातला ठरावीक वाटा बाजूला काढा आणि तो कुणाला द्यायचा हे त्या मुलालाच ठरवू द्या. चौकशी त्यानेच करावी, कारणही त्यानेच सांगावं.

आणि हे चारही मुलींसाठी आधी करा. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की आपण तिला मागे घेतो, नेमकं तेव्हा तिच्या हातात माईक आणि जबाबदारी द्या. ज्या मुलीवाचून मोहल्ल्यातल्या चार जणांचं अडतं, तिची शाळा सोडवताना घरच्यांना चारदा विचार करावा लागेल. तिच्या बाजूने बोलायला ते चार जणही असतील.

तुमच्यापैकी अनेकांना लहान भाऊ, बहीण, भाचे, पुतण्या असतील. या रमजानच्या आत त्यांच्यापैकी एकासोबत बसा, सूरह निवडा, काम ठरवा. हॉल आणि बिर्याणीचं नंतर बघता येईल.