भविष्यातली चूल कोण पेटवतं?



संमेलनाचं उद्घाटन चालू असताना मागच्या मंडपातून फोडणीचा वास आत आला आणि पुढच्या रांगेतल्या काही जणांनी माना वळवल्या. मला त्याचा राग आला नाही. आज त्या वासाबद्दलच बोलायचं आहे.

निमंत्रण आलं तेव्हा संयोजकांनी भाषणाचा विषय विचारला. मी म्हटलं, विज्ञानकथेतलं जेवण आणि विज्ञानकथेतली हॉटेलं. फोनवर पलीकडे क्षणभर शांतता. मग सूचना आली, जरा भारदस्त काही घेता येईल का? कृत्रिम बुद्धिमत्ता, अवकाश, असं काही. मी विषय बदलला नाही. विज्ञानकथेकडे जेवणाइतका भारदस्त विषय दुसरा नाही असं माझं ठाम मत आहे, आणि ज्यांना ते पटत नाही त्यांच्याशी आज मी इथे भांडणार आहे.

पहिलं भांडण आपल्याच लोकांशी. गेली वीस वर्षं मी स्पर्धेच्या विज्ञानकथा तपासते आहे. त्यांतला नायक इसवी सन तीन हजारमध्ये सकाळी उठतो, एक गोळी गिळतो आणि त्याचं दिवसभराचं जेवण होतं. यानाच्या इंधनाला चार पानं, गोळीला एक ओळ. साधा हिशेब करा. माणसाला दिवसाला दोन हजारांच्या आसपास कॅलरी लागतात. सगळ्यांत जास्त कॅलरी देणारा पदार्थ म्हणजे तेल-तूप, तिथेही ग्रॅममागे नऊच. म्हणजे नुसतं तूप प्यायलं तरी सव्वादोनशे ग्रॅम लागेल. ती गोळी राहिली नाही, चांगली मोठी वाटी झाली. इंधनाच्या आकड्यात इतकी चूक कुणी खपवून घेतली नसती. इथे खपते, कारण लिहिणाऱ्याला स्वयंपाक हा प्रश्न कधी पडलेलाच नाही. त्याच्या घरी तो रोज दोन वेळा दुसरं कुणीतरी सोडवत आलं आहे.

मी माण तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात आठ वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे सुकडी मिळायची, गोडसर, भरड. आई आपल्या वाट्यातली अर्धी पदराच्या टोकाला गाठ मारून घरी आणायची. गाठ सुटली की लुगड्याच्या सुतात अडकलेले कण आम्ही भावंडं बोटाच्या टोकाने टिपून खायचो. घरात रेशनची मिलो, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी परातीतच कडेनं चिरायची. आजी ती चीर पुन्हा पुन्हा ओल्या बोटाने बुजवायची आणि म्हणायची, हिला आपल्या ज्वारीची सय नाही.

आमच्या घरात मिलोची भाकरी होत होती त्या १९७३ सालीच अमेरिकेत ‘सॉयलंट ग्रीन’ नावाचा चित्रपट आला. मी तो चाळिशीत पाहिला. कथा घडते २०२२ साली, माणसांनी तुडुंब भरलेल्या न्यूयॉर्कमध्ये. लोक कारखान्यातल्या वड्यांसाठी रांगा लावतात. हॅरी हॅरिसन यांच्या १९६६च्या मूळ कादंबरीत सॉयलंट म्हणजे सोयाबीन आणि मसूर. चित्रपटाने त्या वड्यांना एक भयंकर रहस्य जोडलं. ज्याला त्याला ते रहस्यच आठवतं. मला आठवतं ते त्यातलं एक जेवण.

थॉर्न नावाचा पोलीस एका श्रीमंताच्या खुनाच्या तपासाला जातो आणि त्याच्या घरातून मांसाचा तुकडा, थोडा हिरवा पाला आणि सफरचंद उचलून आणतो. त्याच्याबरोबर राहणारा म्हातारा सोल ते मांस हातात घेतो आणि रडतो. मग सोल रांधतो आणि दोघे जेवायला बसतात. थॉर्नने जन्मात असलं काही खाल्लेलं नाही. पानाचा घास कसा घ्यायचा, हे तो म्हाताऱ्याकडे बघून शिकतो. बोलणं जवळजवळ नाहीच. सोलची भूमिका करणारे एडवर्ड जी. रॉबिन्सन चित्रपट पडद्यावर येण्याआधी, त्या वर्षीच्या जानेवारीत गेले. त्या एका जेवणात मला सगळं भविष्य दिसलं. एकाच्या जिभेला चव आठवते, दुसऱ्याला आपलं काय गेलं हेही माहीत नाही, आणि म्हातारा गेला की ती आठवणही जाणार. मी थिएटरच्या अंधारात बसून आजीच्या ओल्या बोटाची आठवण काढत होते.

त्यावरून मी एक कथा लिहिली. एका मासिकाच्या संपादकांनी ती परत पाठवली. शेरा होता, स्वयंपाक फार, विज्ञान कमी. त्या शेऱ्याचं उत्तर मी आज जाहीरपणे देते. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. पीठ नुसतं भिजवून थापलं तर तुटतं. म्हणून आधणाचं पाणी घालायचं, त्या उष्णतेने पिठातलं स्टार्च फुलतं, चिकट होतं आणि भाकरी हातावर तोलता येते. माझ्या आजीला यातला एकही शब्द माहीत नव्हता, पण पाणी किती कढलं म्हणजे पुरे, हे तिला भांड्याच्या आवाजावरून कळायचं. हे विज्ञान नसेल तर विज्ञान कशाला म्हणायचं, ते मला त्या संपादकांनी सांगावं.

अवकाशातसुद्धा गाडं न तुटणाऱ्या पोळी-भाकरीपाशीच अडलं होतं. मार्च १९६५ मध्ये ‘जेमिनी ३’च्या उड्डाणात अमेरिकी अंतराळवीर जॉन यंग खिशात लपवून सँडविच घेऊन गेले. तरंगणारा पावाचा चुरा उपकरणांत शिरला असता, म्हणून प्रकरण थेट अमेरिकी संसदेतल्या चौकशीपर्यंत गेलं. पुढे १९८५ साली मेक्सिकोचे रोदोल्फो नेरी वेला यांनी आपल्याबरोबर तोर्तिया नेल्या. चुरा पडत नाही, घडी घालता येते, आत काहीही गुंडाळता येतं. तेव्हापासून नासाच्या अंतराळवीरांच्या जेवणात पावाची जागा त्या पोळीने घेतली. २०२५ साली शुभांशू शुक्ला अवकाशस्थानकावर गाजराच्या आणि मुगाच्या हलव्याबरोबर आमरस घेऊन गेले आणि तो सहकाऱ्यांना दिला. आमरस आणि पोळी पृथ्वीभोवती फिरून आली, आपल्या कथेतला नायक मात्र अजून गोळीच गिळतो आहे.

दुसरं भांडण ‘आमच्या पुराणात हे सगळं होतं’ म्हणणाऱ्यांशी. द्रौपदीची थाळी होती, मान्य. पण त्या थाळीचं मर्म चमत्कारात नाही. द्रौपदी जेवली की थाळी त्या दिवसापुरती रिकामी, या अटीत आहे. दुर्वास शिष्यांना घेऊन येतात ते ती जेवल्यानंतर, आणि गोष्ट तिथून सुरू होते. सगळ्यांना वाढून शेवटी जेवणाऱ्या बाईच्या भुकेला कथाकाराने यंत्राची कळ केली. पुराणांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे कसब शिकावं. हेच कसब परदेशी विज्ञानकथेतही दिसतं. १९५३ साली अमेरिकी लेखक पोल आणि कॉर्नब्लुथ यांनी ‘द स्पेस मर्चंट्स’ या कादंबरीत कोंबडीच्या मांसाचा एक प्रचंड, वाढतच राहणारा गोळा उभा केला. कामगार त्याचे काप काढतात, आणि त्याच गोळ्याच्या पोटातल्या पोकळीत बंडखोरांच्या गुप्त बैठका भरतात. अन्न कुणाच्या मालकीचं आणि त्यावर राबतं कोण, हे त्यांनी एका जागी दाखवलं. साठ वर्षांनी, २०१३ मध्ये, लंडनला प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाचा पहिला बर्गर लोकांसमोर खाल्ला गेला. मालकीचा प्रश्न मिटलेला नाही.

आता हॉटेल. डग्लस ॲडम्स यांनी आपल्या कादंबरीत विश्वाच्या अंताशी एक रेस्टॉरंट उभं केलं. खिडकीबाहेर विश्व संपतं आहे आणि आत लोक जेवताहेत. बिल भरण्याची युक्ती अशी, की आपल्या काळात बँकेत एक पेनी टाकायची, चक्रवाढ व्याजाने युगांताला बिल चुकतं होतं. टेबलाशी एक जनावर येतं आणि माझा खांदा घ्या, छान लागेल, असा आग्रह करतं. कादंबरीचा नायक आर्थर हादरतो आणि सॅलड मागतो. १९८०चं हे पुस्तक विनोदी म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी आपण शेवटचं मटण खाल्लं तेव्हा काय विचार केला होता, ते आठवून पाहावं.

हॉटेलात अनोळखी माणसं एका छताखाली जेवतात, एवढ्या गोष्टीत किती दारूगोळा भरलेला असतो हे मराठी माणसाला शिकवायला नको. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटं समोर आली. बसलेल्यांत टिळक होते, रानडे होते. त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, झालं आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. परग्रहावरचे सतरा जातींचे जीव एका हॉटेलात बसलेत असं कुणी लिहिलं, तर ती आपल्यासाठी करमणूक कशी असेल? कुणाचा पेला वेगळा ठेवला आहे, कुणाला बाहेरच्या बाकावर बसवलं आहे, हे आपण लगेच शोधायला हवं. आणि गिरणगावातल्या खाणावळी? एकेका बाईने दहा-दहा, वीस-वीस गिरणी कामगारांचे डबे चालवले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. मंगळावर वसाहत झाली तर पहिली खाणावळ कोण काढेल, उधारीची वही कशी ठेवेल, पाण्याचा हिशेब कसा घालेल? ही कादंबरी मराठीत अजून कुणी लिहिलेली मला माहीत नाही. ती मराठीतच लिहिली जायला हवी.

मराठी विज्ञानकथेची एक लढाई झाली आहे. १९७४ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली होती. २०२१ साली ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. विज्ञानकथा हे साहित्य आहे की नाही, हा वाद तिथे मिटला. पुढची लढाई आत, स्वयंपाकघरात आहे.

म्हणून अध्यक्ष या नात्याने संयोजकांना माझ्या दोन सूचना आहेत. यंदाच्या कथास्पर्धेत गोळी खाणारा नायक आला, तर ती गोळी कुणी बनवली, कुठल्या धान्यापासून, आणि बनवणाऱ्याने स्वतः काय खाल्लं, हे कथेत असल्याशिवाय परीक्षकांनी ती पुढे पाठवू नये. दुसरी सूचना आजच्यासाठी. मागच्या मंडपात सकाळी सहापासून सात बायका चुलीपाशी आहेत. मी भाषणाआधी त्यांना भेटून आले. चारशे माणसांच्या भाताला पाणी किती, हे त्यांतल्या एकीने मला न मोजता सांगितलं. दुपारच्या ‘उद्याचं जग’ परिसंवादात पाच वक्ते आहेत, पाचही पुरुष. तिथे या सात जणींपैकी दोघींसाठी आणखी दोन खुर्च्या मांडा. त्या दोघी जेवून येईपर्यंत परिसंवाद सुरू करू नका.