बुद्धवचनाची मिश्र संस्कृत भाषा

(मूर्तिजापूर येथे वर्षावासानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या वऱ्हाडातील मूल शाळेत ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणाले की वर्ग हसतो. याच तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढलेल्या गाडगेबाबांनी मात्र याच बोलीत कीर्तने करून लोकांना शहाणे केले. एखाद्या बोलीला अशुद्ध ठरविण्याचा अधिकार कोणाचा? हा प्रश्न जुना आहे, व माझा आजचा विषय त्याच प्रश्नाचा एक अध्याय होय.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक हकीकत आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी भगवंतांकडे तक्रार केली की, नाना कुळांतील भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवीत आहेत. तरी ते छंदात, म्हणजे वेदांच्या धर्तीवर, बांधावे. भगवंतांनी त्यांची निर्भर्त्सना केली व बुद्धवचन स्वतःच्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. ही ‘स्वतःची भाषा’ म्हणजे मागधी, असा अर्थ पुढे बुद्धघोषाचार्यांनी लाविला. परंतु छंदाला नकार मिळाला, ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही.

मग महावस्तू, ललितविस्तर, सद्धर्मपुंडरीक हे ग्रंथ संस्कृतात कसे? याचे उत्तर असे की, ते पाणिनीचे संस्कृत नव्हे. ‘भिक्षूचा’ म्हणावयाचे झाल्यास पाणिनीय संस्कृतात ‘भिक्षोः’ म्हणतात, पालीत ‘भिक्खुस्स’ म्हणतात; या ग्रंथांत ‘भिक्षुस्य’ असे रूप भेटते. वेश संस्कृताचा, व्याकरण लोकभाषेचे! ललितविस्तर व सद्धर्मपुंडरीक यांच्या गद्यावर संस्कृताचा हात अधिक फिरला आहे. पद्यात वृत्ताने अक्षरे बांधून ठेविल्यामुळे जुनी बोली टिकून राहिली.

महाराष्ट्राच्या लेण्यांतही हाच प्रवास दिसतो. नाशिकच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा भिक्षुसंघाला लेणे दिल्याचा लेख आहे. त्याची भाषा संस्कृताकडे झुकलेली, परंतु प्राकृत मिसळलेली आहे. आपल्या शेजारच्या वाशीम येथे सापडलेल्या वाकाटक विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात व दानाचा मजकूर प्राकृतात आहे. पुढे त्याच शाखेच्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे दिले, तेव्हा लेख संपूर्ण संस्कृतात कोरविला. राजदरबारी व पंडितसभेत ज्या भाषेला मान मिळू लागला, तिच्याकडे बौद्ध लेखकही वळले. पण येताना त्यांनी आपली बोली बरोबर आणिली.

हिला अनेक पंडितांनी भ्रष्ट संस्कृत म्हटले. सेनार यांनी 1882 ते 1897 या काळात महावस्तू तीन खंडांत प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकन पंडित फ्रँकलिन एजर्टन यांनी 1953 साली या भाषेचे व्याकरण व कोश प्रसिद्ध केला, व हस्तलिखितांतील रूपे पाणिनीच्या मापाने ‘सुधारण्याची’ संपादकांची खोड चुकीची ठरविली. ज्या रूपांना दोष म्हटले जात होते, त्यांतच नियम सापडले.

याची दुसरी बाजूही लपवू नये. भाषा जसजशी संस्कृताकडे झुकली, तसतसा धम्मग्रंथ पंडितांच्या अधिक जवळ व शेतातल्या उपासकापासून अधिक दूर गेला, असे मला वाटते. आपण ही चूक पुन्हा करू नये. धम्म मराठीत, वऱ्हाडीत बोलला गेलाच पाहिजे.

पण म्हणून हे ग्रंथ परक्यांचे समजून सोडून देऊ नयेत. अस्पृश्य म्हणून शाळेत बाबासाहेबांना संस्कृत नाकारले गेले व फारसी घ्यावी लागली. पुढे ते स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकले, व त्यांनी पालीचा कोशही सिद्ध केला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबर पाली व प्राकृत यांनाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. ही मिश्र भाषा मात्र संस्कृताच्या दारात अशुद्ध व पालीच्या दारात परकी ठरून मध्येच उभी आहे. तिला घरात घेणारे विद्यार्थी तुमच्या मुलामुलींतून निघावेत. ज्यांच्या बोलीला जग हसले, त्यांनाच या भाषेचे मर्म लवकर कळेल.

जय भीम!