स्तोत्रांतली वाद्ये आणि अनुवादकाची अडचण



कामगार संघटनेच्या माणसाने मजुरीवर बोलावे, बोनसवर बोलावे. मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मग्रंथांतल्या वाद्यांवर बोलू नये, अशी एक समजूत आहे. मंडळाने ती बाजूला ठेवली याबद्दल मी आभारी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, बाकीचे वाचनालयात झाले. पण शब्दांशी माझा झगडा रोजचा. मुंबईच्या गिरणीत साचा म्हणजे कापड विणायचा माग. 'चार साचे चालवणारा' याचे भाषांतर नुसता कोश उघडून करणारा पंडित त्या विणकऱ्याला मूर्ती ओतणारा करून टाकील! अवजाराचे नाव, ते ज्याच्या हातात असते त्याला विचारावे लागते. आणि वाद्य हेही अवजारच आहे.

कॅटलन ही स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरची, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया आणि मायोर्का बेट या भागांतली भाषा. तेराव्या ते पंधराव्या शतकात तिच्यात धर्मवाङ्मय उदंड झाले. १४७८ साली व्हॅलेन्सियात या भाषेतले सबंध बायबल छापून निघाले. पुढे धर्मन्यायालयाने त्याच्या प्रती जाळल्या. त्या पुस्तकाचे एकच, अगदी शेवटचे पान आज न्यूयॉर्कमध्ये जपून ठेवलेले आहे. जिथे पुस्तकेच जळाली, तिथे उरलेल्या ग्रंथांतला एकेक शब्द तोलून घ्यावा लागतो.

आता अडचण पाहा. बायबलातल्या दीडशेव्या स्तोत्रात वाद्यांची रांगच आहे. त्यात 'उगाव' नावाचे एक हिब्रू वाद्य येते. बहुतेक विद्वान ते पाव्यासारखे फुंकवाद्य मानतात. ग्रीक भाषांतरकाराने तिथे 'ऑर्गानोन' लिहिले, म्हणजे नुसते साधन, अवजार. लॅटिनमध्ये त्याचे 'ऑर्गानुम' झाले, कॅटलनमध्ये 'ऑर्गे'. आणि कॅटलन वाचकाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहिले? चर्चमधला नळ्यानळ्यांचा प्रचंड ऑर्गन! पाव्याचे असे कारखान्याएवढे यंत्र झाले. त्या यंत्रामागे भाता ओढणारा एक मजूर असे. त्याला कॅटलनमध्ये 'मान्शादोर' म्हणतात. स्तोत्रात त्याचा उल्लेख नाही, हे सांगायला नकोच.

मग मराठीत काय लिहावे? पावा, की ऑर्गन? मूळ हिब्रूचे भाषांतर असेल तर पावा. पण आपण कॅटलन ग्रंथ मराठीत आणतो आहोत, तेव्हा त्या गावच्या माणसाने जे ऐकले ते द्यायचे. मी ऑर्गनच लिहीन. विद्वत्ता दाखवायला पावा लिहिणे म्हणजे कॅटलन भाषांतरकाराला मधल्यामधे पुसून टाकणे.

दुसरा शब्द 'नाकरा', आणि इथे आपले घरचे नाते निघते. नाकरा म्हणजे कमरेला बांधून दोन टिपऱ्यांनी वाजवायचे लहान जोडवाद्य. शब्द अरबी, 'नक्कारा'. तोच फारसीच्या वाटेने आपल्याकडे येऊन नगारा झाला. ल्यूट या तंतुवाद्याचे कॅटलन नाव 'ल्याउत', तेही अरबी 'अल्-ऊद'वरून. व्हॅलेन्सिया १२३८ मध्ये ख्रिस्ती राजाने घेतले, तरी मुसलमान वस्ती तिथे राहिली. बाटवलेल्या त्यांच्या वंशजांना १६०९ मध्ये देशाबाहेर काढले. माणसे हाकलता आली, वाद्यांची नावे हाकलता आली नाहीत.

तर नाकऱ्याला नगारा म्हणावे का? आपला नगारा मोठा, देवळात किंवा गडावरच्या नगारखान्यात ठेवलेला. घडणीने पाहाल तर नाकरा आपल्या संबळाचा भाऊ. पण संबळ म्हटले की गोंधळी आले, अंबाबाई आली, दिवटी आली. नाकरा राजाच्या स्वारीचा आणि लढाईचा. व्हॅलेन्सियातल्या मठाची प्रमुख इसाबेल दे व्हिलेना हिचे ख्रिस्तचरित्र १४९७ मध्ये छापले गेले. त्यात स्वर्गसुद्धा राजदरबाराच्या रीतीने चालतो. अशा वाङ्मयात संबळ शोभणार नाही. मी 'जोडनगारा' लिहीन. शब्दाचे नाते राहते, स्वारीचा थाट राहतो, आणि वाद्य दोन भांड्यांचे आहे हेही कळते.

'साल्तिरी' म्हणजे बोटांनी छेडायची तारांची पेटी. तिला वीणा म्हणण्याचा मोह होतो, पण वीणेबरोबर सरस्वती आणि नारद दोघेही पानावर येऊन बसतात. स्वरमंडळ त्यापेक्षा पुष्कळ जवळचे. मात्र साल्तिरी म्हणजे स्तोत्रांचे पुस्तकही. तेव्हा साधू साल्तिरी घेऊन बसला असे वाक्य आले, तर तो वाजवतो आहे की वाचतो आहे, हे आधी पाहावे.

या कामी मोठा आधार एका कोशाचा. मायोर्काच्या अल्कोवेर नावाच्या पाद्र्याने १९०१ मध्ये लोकांना आवाहन केले : आपापल्या गावचे शब्द गोळा करून पाठवा. लोकांनी पाठवले. त्याच्यानंतर मोल् यांनी काम पुरे केले आणि १९६२ मध्ये दहावा, शेवटचा खंड निघाला. तो काळ फ्रँकोच्या राजवटीचा, कॅटलनला शाळा-कचेऱ्यांत मज्जाव असण्याचा. वर्गणी गोळा करून संघटना चालवणाऱ्या माझ्यासारख्याला या कोशाचे फार अप्रूप वाटते.

एक शब्द मात्र कोशानेही सुटत नाही : 'कोर'. कॅटलनमध्ये याचा अर्थ हृदय, आणि गायकवृंदही. मूळ हिब्रूत त्या जागी नाच आहे. त्यात संत जेरोमच्या नावावर खपलेल्या एका पत्रात 'कोरुस' म्हणजे कातडी पिशवीला दोन पितळी नळ्या लावलेले वाद्य, असे सांगून ठेवले आहे. मध्ययुगात पुष्कळांनी ते खरे मानले. म्हणजे एका शब्दाचे चार धनी झाले. मी शेजार पाहतो. दीडशेव्या स्तोत्रात त्याच्या शेजारी डफ आहे. डफाच्या शेजारी हृदय बसत नाही, पिशवी बसेल, पण नाच सहज बसतो. इथे तरी मी नाचच लिहीन.