मतपत्रिकेला विचारायचं काय?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या कविता स्पर्धेला मी परीक्षक होतो. आम्ही तिघे परीक्षक. शेवटी तीन कविता उरल्या. एक विहिरीवरची, एक एसटी स्टँडवरची आणि एक आईवरची. (आईवरची कविता शेवटपर्यंत उरतेच, असा माझा अनुभव आहे.) माझी पसंती विहीर, मग स्टँड, मग आई. दुसऱ्या परीक्षकांची स्टँड, आई, विहीर. तिसऱ्यांची आई, विहीर, स्टँड. म्हणजे प्रत्येक कवितेला एकेक पहिला नंबर! बाहेर पाहुणे खोळंबलेले. संयोजक म्हणाले, "सर, दोन-दोन कविता समोरासमोर घेऊ या." आधी विहीर आणि स्टँड. दोघांनी विहिरीला कौल दिला. मग विहीर आणि आई. दोघांनी आईला. झालं, आई पहिली.

विहिरीची कविता लिहिणारी मुलगी नंतर माझ्याकडे आली. "सर, माझं कुठं कमी पडलं?" मी म्हणालो, "शेवटचं कडवं जरा सैल झालंय." खरं तर त्या कडव्यात मला काहीच खटकलं नव्हतं. पण परीक्षकाला काहीतरी सांगावं लागतं.

परतताना गाडीत मी कागदावर मांडून पाहिलं. सुरुवात आई आणि स्टँड यांच्यापासून केली असती, तर स्टँड जिंकलं असतं आणि पुढं विहिरीनं स्टँडला हरवलं असतं. विहीर आणि आई यांच्यापासून केली असती, तर शेवटी स्टँड पहिलं आलं असतं. परीक्षक तेच, कविता त्याच, आमची मतंही तीच.

श्रोतेहो, हे कोडं फार जुनं आहे. कॉन्डोर्से नावाच्या फ्रेंच विद्वानानं १७८५ साली ते ग्रंथात मांडलं. पुढं राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ साली, तुरुंगात त्याचा अंत झाला. त्याचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक मतदारानं उमेदवार पसंतीक्रमानं लिहावेत. मग कबड्डीत साखळी सामने होतात तशी प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालावी. अ आणि ब या दोघांत जास्त लोकांनी वर कोणाला ठेवलं, एवढंच पाहायचं. जो सगळ्यांना हरवील तो विजयी. आणि आमच्यासारखं चक्र झालं तर? त्यावर पुढच्यांनी तोडगे काढले. कोणी म्हणालं, जिंकलेले सामने मोजा; कोणी म्हणालं, ज्याची सर्वांत मोठी हार सर्वांत लहान, तो निवडा. आमच्या स्पर्धेत सगळेच सामने दोन विरुद्ध एक. तिथं कुठलाच तोडगा चालला नसता.

पण चक्र नसतानाही, सगळ्यांना हरवू शकणारा माणूस घरी बसतो, हे मला जास्त लागतं. अमेरिकेत बर्लिंग्टन शहरात २००९ साली महापौराची निवडणूक पसंतीक्रमानं झाली. नियम असा की तळाचा उमेदवार बाद करायचा आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे वळवायची. मॉन्ट्रोल नावाचे उमेदवार तिसरे होते, म्हणून बाद झाले. उरलेल्या दोघांत कीस यांनी राइट यांना ४,३१३ विरुद्ध ४,०६१ मतांनी हरवलं. नंतर त्याच मतपत्रिका जोडीजोडीनं मोजल्या, तेव्हा दिसलं की मॉन्ट्रोल यांनी कीस आणि राइट या दोघांनाही हरवलं असतं.

आपल्याकडे राष्ट्रपतींची निवडणूक अशाच पसंतीक्रमाच्या पद्धतीनं होते. १९६९ साली गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मतं पडली, संजीव रेड्डींना ३,१३,५४८, आणि तिसरे आले आपले चिंतामणराव देशमुख, १,१२,७६९. मुंबईच्या प्रश्नावरून नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले, मेघदूत मराठीत आणणारे देशमुख. ते बाद झाले, त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली गेली आणि गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले.

देशमुख निवडून आले असते असं मी म्हणत नाही. रेड्डींच्या बहुतेक मतदारांनी त्यांना गिरींच्या वर ठेवलं असतं, आणि गिरींच्या बहुतेक मतदारांनी रेड्डींच्या वर, तरच ते शक्य होतं. राजकारण पाहता ते अवघडच. पण गिरी आणि रेड्डी शेवटपर्यंत रिंगणात राहिले, म्हणून त्यांच्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीकडे पाहण्याची मोजणीला गरजच पडली नाही. तिथं काय लिहिलं होतं, हा प्रश्न नियमानं विचारलाच नाही. आपण मात्र म्हणतो, देशमुख तिसरे आले. मीही परवापर्यंत तसंच म्हणत होतो.

त्या कॉलेजचा वार्षिक अंक मला टपालानं आला. विहिरीची कविता त्यात होती. शेवटचं कडवं तिनं काढून टाकलं होतं.