जिन्यातले लाल चाक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्याकडे बहुधा पाककृती, शिवणकाम नाही तर बालसंगोपन यांवर बोलतात. मी आज जिन्यातल्या लाल चाकावर बोलणार आहे. धाब्याची घरे सोडून आपण आता चौथ्या-पाचव्या मजल्यावर राहायला गेलो. जळगावात महापालिकेचीच इमारत सतरा मजली आहे. धुळ्याला माझ्या नणंदेच्या इमारतीतही लिफ्टजवळ असे चाक आहे. त्याच्याविषयी विचारले तर ती म्हणाली, "वहिनी, ते बंबवाल्यांचे. आपण हात लावायचा नसतो." बहुतेक बायकांची समजूत हीच आहे.

खरे पाहता ते चाक घरच्या माणसांसाठीच बसवलेले असते. बंब येईपर्यंतची पहिली चार-पाच मिनिटे आपल्याला निभावता यावीत म्हणून. आणि दुपारी इमारतीत असते कोण? आपण, म्हातारी माणसे आणि शाळेतून आलेली पोरे. तेव्हा नळी धरायची वेळ आली तर ती बाईनेच धरायची आहे.

जिन्यात दोन प्रकारच्या नळ्या असतात, त्यांत घोटाळा करू नये. काचेच्या लाल पेटीत घडी घालून ठेवलेली जाड कापडी नळी, ती बंबवाल्यांची. तिच्यातून पाणी इतक्या जोराने येते की नवखे माणूस पडेल. चाकावर गुंडाळलेली रबरी नळी आपली. आतून जेमतेम पाऊण इंच, लांबीला बहुधा शंभर फूट. एकटी बाई ती सहज धरू शकते. शिवाय कापडी नळी पूर्ण पसरल्याखेरीज चालत नाही. ही मात्र लागेल तेवढीच ओढली तरी पाणी येते.

आधी ओरडून शेजारपाजार उठवावा, कोणाला तरी १०१ किंवा ११२ ला फोन करायला लावावा, आणि मगच चाकाकडे जावे. चाकाजवळचा व्हॉल्व्ह प्रथम उघडायचा. टोकाची तोटी क्षणभर सोडून पाणी येते ना, हे तिथेच पाहायचे. आगीसमोर जाऊन उभे राहिल्यावर नळी कोरडी निघाली तर काय उपयोग? मग तोटी बंद करून नळी ओढत न्यायची. दुसरी बाई चाकापाशी असली तर नळीला पीळ पडत नाही. पदर खोचलेला असावा. पाठ नेहमी बाहेरच्या दाराकडे, म्हणजे मागे सरता येते. थोडे वाकून राहावे, कारण धूर वर चढतो. ज्वाळेच्या शेंड्यावर पाणी मारून काही होत नाही. बुडाशी, जिथे वस्तू जळते आहे तिथे मारावे. आग छताला पोहोचली, की धुराने दार दिसेनासे होऊ लागले, की नळी टाकून द्यावी, घराचे दार ओढून घ्यावे आणि जिन्याने उतरावे. लिफ्टने कधीही नाही.

लाकूड, कागद, पडदे, कपडे, गादी यांना ही नळी चांगली. गादीविषयी एक सांगते. आपला मुलूख कापसाचा, त्यामुळे गाठीतली आग आपल्याला ठाऊक आहे. वरून विझली तरी आत धुमसत राहते. कापसाच्या गादीचे तेच. पाणी मारल्यावर ती उसवून आतला कापूस भिजवावा आणि तासभर लक्ष ठेवावे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीला आग लागली, तिच्यातही कापसाच्या गाठी होत्या आणि सोबत दारूगोळा. त्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ.

आता आपल्या राज्यातले, म्हणजे स्वयंपाकघरातले. बिबड्या तळताना कढईने पेट घेतला तर तिथे ही नळी मुळीच आणू नये. पेटत्या तेलात पाणी पडले की त्याची एकदम वाफ होते आणि जळते तेल अंगावर, भिंतीवर उडते. गॅस बंद करावा, आपल्या बाजूने परात सरकवत कढई झाकावी आणि निवेपर्यंत उघडू नये. कढई उचलून मोरीकडे धावणे तर फारच वाईट. सिलिंडरच्या तोंडाशी ज्योत असेल आणि रेग्युलेटर बंद करता येत नसेल, तर ती विझवायच्या भरीस पडू नये. विझलेल्या ज्योतीतून गॅस साचतो आणि मग भडका होतो. सर्वांना घेऊन बाहेर पडावे.

विजेच्या आगीवरही पाणी नको. आधी आपल्या घराचा मेन स्विच पाडावा. पण इन्व्हर्टर असेल तर मेन पाडूनही तारांत वीज राहते, तोही बंद करायला हवा. दोन्हींची खात्री नसेल तर पाणी मारू नये. उलट, घाबरून साऱ्या इमारतीचीच वीज कोणी तोडू नये. कित्येक ठिकाणी या नळीला जोर देणारा पंप विजेवरच चालतो.

२२ ऑगस्ट २०१८ ला मुंबईत परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आग लागली. चार माणसे गेली. इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालत नव्हती, असे तेव्हा उघड झाले. तिथल्या दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेले आठवून लोकांना ओली सुती फडकी नाकाशी धरायला सांगितले. तिला पुढे शौर्य पुरस्कार मिळाला. ओल्या फडक्याने काजळी अडते, विषारी वायू अडत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. त्या पोरीचे कौतुक करावे तेवढे थोडे, पण भिंतीवरची नळी चालू ठेवणे हे थोरांचे काम होते.

ते काम आपल्याकडे कसे चालते? चाकाच्या कपाटात झाडू, चपला, गणपतीच्या मखराचे सामान! कोणी त्या नळीने गाडी धुतो, मग सोसायटी चिडून व्हॉल्व्हला कुलूप घालते. मे महिन्यात टाकीचा तळ दिसू लागला की आगीसाठी राखलेले पाणीही मोटर लावून वापरतात. आपल्या उन्हाळ्यात पाण्याची तंगी असते हे मला कळते, पण ते पाणी आपले नव्हे. २००६ च्या महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक माणसाकडून सारे तपासून 'नमुना ब' दाखला द्यावा लागतो. सोसायटीच्या सभेत बायकांनी तो दाखला मागून पाहावा. चिटणीस रागावले तर रागावोत.

आमच्या चाकावरच्या सूचना इंग्रजीत होत्या. माझे शिक्षण सातवीपर्यंत, म्हणून मुलीकडून वाचून घेतल्या आणि मराठीत ठळक लिहून तिथे चिकटवल्या. तो कागद मी आज आणला आहे. ज्यांच्या जिन्यात चाक आहे त्यांनी चहा झाल्यावर उतरून घ्यावा. रविवारी सकाळी आमच्या इमारतीत नळी सोडून दाखवणार आहोत. पाणी झाडांना घालू, वाया जाणार नाही. येताना जुने लुगडे नेसून या.