रायफलवाला जनरल

सैन्याच्या सेनापतीच्या हातात आपण नकाशा किंवा दुर्बीण कल्पितो. अमेरिकेच्या जेम्स गॅव्हिन यांच्या खांद्याला मात्र साध्या शिपायाची रायफल असे.

१९०७ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेला हा अनाथ मुलगा पेन्सिल्व्हेनियातल्या एका खाणकामगाराच्या घरी दत्तक गेला. सतराव्या वर्षी घरातून पळाला आणि फौजेत भरती झाला. पनामात शिपाईगिरी करता करता अभ्यास करून त्याने वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी गाठली. १९२९ साली तो अधिकारी झाला.

जुलै १९४३. दुसऱ्या महायुद्धात सिसिलीवर रात्री विमानातून उडी. सोसाट्याच्या वाऱ्याने छत्रीधारी सैनिक पार विखुरले. आपण सिसिलीतच उतरलो की नाही, अशी शंका खुद्द गॅव्हिनना आली! तरीही हाती लागतील तेवढी माणसं गोळा करून ते बियाझ्झाच्या टेकाडावर जर्मन रणगाड्यांना भिडले. खांद्यावरून डागायच्या बाझूकाचे गोळे त्या पोलादावरून निसटत होते, पण टेकाड त्यांनी सोडलं नाही.

पुढे नॉर्मंडी, मग हॉलंड. हॉलंडच्या उडीत पाठीचे मणके दुखावले, तरी गडी लढत राहिला. तेव्हा वय सदतीस, आणि हाताखाली अख्खी ८२वी एअरबोर्न डिव्हिजन.

मला त्यांचं मोठेपण युद्धानंतरही दिसतं. जानेवारी १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या विजय संचलनात त्यांनी कृष्णवर्णीय ५५५व्या पॅराशूट बटालियनला आपल्या डिव्हिजनसोबत चालवलं. तेव्हा अमेरिकी फौजेत वर्णभेद रीतसर लागू होता.

१९५८ साली ते निवृत्त झाले, पुढे फ्रान्समध्ये राजदूत होते आणि व्हिएतनाम युद्धावर त्यांनी उघड टीका केली. १९९० साली त्यांचं निधन झालं.